परदेशी मदतीतून नर्स आणि तंत्रज्ञ घडतात, पण त्यांच्या पदांचं आणि पगाराचं काय?

माचीकर

१ जुलै २०२५ ला यूएसएआयडीचं, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचं, कामकाज अधिकृतपणे संपलं. ब्रिटनने आपली परदेशी मदत २०२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली होती, ती २०२७ पर्यंत ०.३ वर येणार आहे. हात आखडता घ्यायचा ठरला की देणाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं: बाकी काही कमी करा, प्रशिक्षण चालू ठेवा. नर्स, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लेखाधिकारी, पाणीपुरवठ्याचे अभियंते घडवा, देश स्वतःच्या पायावर उभा राहील.

मला हे म्हणणं अर्धवट वाटतं. शिकून बाहेर पडलेल्या माणसासाठी सरकारी आस्थापनेवर मंजूर पद नसेल आणि त्या पदाची अर्थसंकल्पात तरतूद नसेल, तर तो पैसा वाया तरी जातो किंवा दुसऱ्याच देशातल्या रुग्णालयाच्या कामी येतो. आफ्रिकेतल्या मालावीत २००४ नंतर मोठा कार्यक्रम झाला, नर्स आणि डॉक्टर वाढले. पुढे त्याच देशात पदवी घेतलेल्या नर्स घरी बसल्या आणि आरोग्य केंद्रांतली पदं रिकामीच राहिली.

म्हणून प्रश्न असा. समजा पाच वर्षांची, ठरावीक रकमेची मदत हातात आहे आणि देशात नर्स कमी आहेत. पैसा कुठे घालाल? वर्ग आणि वसतिगृहं, शिक्षक, पगार, की परदेशातल्या शिष्यवृत्त्या? या क्षेत्राची माहिती असलेल्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

तांबट

मालावीचं नाव निघालंय तर आधी तिथे नेमकं काय केलं ते मांडतो. इमर्जन्सी ह्यूमन रिसोर्सेस प्रोग्रॅम हे त्याचं नाव. पैसा मुख्यतः डीएफआयडीचा (ब्रिटनचं तेव्हाचं परदेशी मदत खातं), एड्स-क्षय-मलेरियासाठीच्या ग्लोबल फंडाचा आणि मालावी सरकारचा. प्रशिक्षण हा त्यातल्या पाच भागांपैकी एकच भाग होता. ११ संवर्गांना पगारावर ५२ टक्के वाढ, तीही करपात्र. प्रशिक्षणाच्या जागा सरासरी निम्म्याने वाढवणं. तोवरची पोकळी भरायला परदेशी स्वयंसेवक डॉक्टर आणि नर्सिंगचे शिक्षक. आरोग्य मंत्रालयाच्या मनुष्यबळ विभागाला मदत. आणि या सगळ्याचं मोजमाप. त्या ११ संवर्गांतली माणसं २००४ मध्ये ५,४५३ होती, ती २००९ मध्ये ८,३६९ झाली.

आता वेळेचं गणित बघा. नर्स-मिडवाइफ टेक्निशियनचा डिप्लोमा तीन वर्षांचा. जागा वाढवायच्या तर आधी वसतिगृह बांधायचं, त्यात वर्ष-दीड वर्ष जातं. मग तीन वर्षं शिक्षण, मग परीक्षा, नोंदणी, नेमणूक. म्हणजे वाढीव जागांची पहिली तुकडी वॉर्डात उभी राहते तेव्हा पाच वर्षांचा कार्यक्रम संपत आलेला असतो. मधल्या काळात हाताशी उपाय एकच, आहेत त्यांना टिकवणं आणि सोडून गेलेल्यांना परत बोलावणं. त्यासाठी पगारच लागतो.

वसतिगृहावर एवढा भर का, असं कुणी विचारेल. मालावीतली बरीचशी नर्सिंग कॉलेजं मिशनरी रुग्णालयांना जोडलेली आहेत आणि ती शहरांपासून लांब आहेत. आजूबाजूला भाड्याच्या खोल्या मिळत नाहीत. तिथे प्रवेशक्षमता वसतिगृहातल्या खाटांवर ठरते, वर्गातल्या बाकांवर नाही.

आणि खाटा वाढवल्या तरी एक गोष्ट पैशाने वाढत नाही: प्रसूतिकक्षातली बाळंतपणं. समजा जोडलेल्या रुग्णालयात महिन्याला १२० बाळंतपणं होतात, वर्षाला १,४४०. सिझेरियन आणि गुंतागुंतीची वगळून विद्यार्थिनीच्या हाती देण्याजोगी हजारेक उरतात. प्रत्येकीने स्वतःच्या हातांनी २० करावीत असा नियम धरला, तर ती ५० जणींना पुरतात. प्रवेश ८० वर नेला की १,६०० लागतात. मग होतं काय, एका टेबलाभोवती पाच जणी उभ्या, हात लावते एक, आणि बाळंतपणाच्या नोंदवहीत सह्या पाचही जणींच्या. कागदोपत्री जागा वाढल्या, शिकणं कमी झालं.

मोहोर

शेवटचा परिच्छेद प्रत्येक देणगीदाराच्या टेबलावर चिकटवायला हवा. यावर उपाय काय करतात?

तांबट

मोहोरताई, तीन उपाय चालतात. तुकड्या पाडून आसपासच्या दोन-तीन जिल्हा रुग्णालयांत आळीपाळीने पाठवायचं. त्यासाठी गाडी, डिझेल आणि तिथेही निवारा लागतो, आणि नेमकं हेच अंदाजपत्रकात लिहायचं राहून जातं. दुसरं, रात्रपाळी लावायची. बाळंतपणं रात्रीही तितकीच होतात, पण विद्यार्थिनी दिवसाच्या पाळीत गर्दी करतात, कारण शिक्षिका दिवसाच असतात. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: वॉर्डातल्याच अनुभवी नर्सला मार्गदर्शक म्हणून नेमायचं, तिला त्या कामाचा छोटा मासिक भत्ता द्यायचा आणि तिच्या रुग्णांचा भार कमी करायचा. भत्ता देऊन भार तसाच ठेवला तर ती शिकवत नाही. तिला वेळच नसतो.

हिशेबनीस

माचीकरांच्या मूळ प्रश्नावर लेखाविभागाच्या बाजूने लिहितो.

देणाऱ्यांना इमारत आवडते, कारण ती एकदाच बांधायची असते, तिचा फोटो निघतो आणि खातं बंद करता येतं. शिष्यवृत्तीही तशीच, मुदत संपली की संपली. पगार कधी संपत नाही. त्यामुळे देणारा म्हणतो पगार तुमचा तुम्ही बघा, आणि घेणाऱ्या देशाचं अर्थमंत्रालय म्हणतं आमचा वेतनखर्च आधीच मर्यादेबाहेर आहे. ही मर्यादा बऱ्याचदा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जकार्यक्रमातून आलेली असायची. त्यावर बरीच टीका झाल्यावर निधीने २००७ मध्ये असल्या वेतनमर्यादांचा वापर कमी करायचं धोरण घेतलं. पण अट काढली म्हणून तिजोरीत पैसे येत नाहीत.

केनियाचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. २००० च्या दशकाच्या मध्यावर तिथे हजारो शिकलेल्या नर्स बेकार होत्या आणि त्याच वेळी सरकारी केंद्रांत हजारो पदं रिकामी होती. तिथे आणखी नर्स शिकवणं म्हणजे चुकीच्या दुखण्यावर औषध. म्हणून २००६ च्या सुमारास यूएसएआयडीच्या कपॅसिटी प्रोजेक्टने इमर्जन्सी हायरिंग प्लॅन आखला. ८३० कर्मचारी तीन वर्षांच्या कंत्राटावर घेतले. त्यात तीन गोष्टी नीट केल्या होत्या. भरती एका खासगी मनुष्यबळ संस्थेमार्फत केली, त्यामुळे वर्ष-दीड वर्ष रेंगाळणारी प्रक्रिया काही महिन्यांवर आली. पगार सरकारी वेतनश्रेणीला धरून ठेवला, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या कायम नर्सशी भांडण नको आणि पुढे सामावून घेताना पगार कापायला नको. आणि सामावून घेण्याची बोलणी भरतीआधी झाली.

पाऊलवाट

दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा. प्रकल्पाच्या माणसाला सरकारी पगाराच्या अडीच-तीन पट दिलं की पहिल्याच महिन्यात सरकारी दवाखान्यातली उत्तम माणसं प्रकल्पात येतात. मदत आली ती त्याच दवाखान्यासाठी, आणि रिकामा झाला तोच.

शेवगा

कंत्राटी आणि कायम यांतली ही ओढाताण आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्रात राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांची समायोजनासाठीची आंदोलनं सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे परदेशी पैसा नाही, केंद्र आणि राज्याचा ६०:४० वाटा आहे, तरीही समायोजन इतकं अवघड. मग जिथे निम्मा पगार बाहेरून येतो तिथे काय होत असेल?

पण मी वेगळा मुद्दा मांडते. चर्चा नर्सवर आहे. 'कोणता संवर्ग शिकवायचा' हा प्रश्न मला 'पैसा कुठे घालायचा' याच्याइतकाच मोठा वाटतो. मोझांबिकने १९८४ मध्ये तेक्निकू द सिरुर्जिया (शस्त्रक्रिया तंत्रज्ञ) हा संवर्ग सुरू केला. डॉक्टर नसलेल्या, पण आरोग्यसेवेचा अनुभव असलेल्या माणसांना तीन वर्षं शिकवायचं, दोन वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. ही माणसं सिझेरियन, गर्भाशय काढणं, फाटलेलं गर्भाशय दुरुस्त करणं, हर्निया असल्या शस्त्रक्रिया करतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पदवीनंतर सात वर्षांनी जिल्हा रुग्णालयात टिकलेले तेक्निकू ८८ टक्के होते आणि त्याच काळात नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही तिथे उरला नव्हता.

कुर्डू

प्रश्न विचारतो, रागावू नका. डॉक्टर नसलेला माणूस सिझेरियन करतो, हे गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा मान्य केल्यासारखं होत नाही का? लंडनला नाही चालत ते मोझांबिकच्या नाम्पुलाला का चालावं?

शेवगा

कुर्डू, रागवायचं कशाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तुलना लंडनच्या सर्जनशी करून चालणार नाही. जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता अडलेली बाई येते तेव्हा पर्याय असतो तेक्निकू किंवा कच्च्या रस्त्याने शंभर-दीडशे किलोमीटर प्रवास. मालावीतही जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर करतात, तीन वर्षांचं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप झालेले. तिथल्या अभ्यासांत डॉक्टरांनी आणि क्लिनिकल ऑफिसरांनी केलेल्या शस्त्रक्रियांच्या निकालांत फारसा फरक दिसला नाही.

ते टिकतात याचंही कारण स्पष्ट आहे. त्यांच्या प्रमाणपत्राला देशाबाहेर किंमत नाही, आणि निवड करतानाच ग्रामीण भागातल्या आरोग्यसेवेतली माणसं घेतलेली असतात.

गवतीचहा

शेवगाताई, टिकण्याचं कारण 'दुसरीकडे जाता येत नाही' हे असेल तर त्याचा अभिमान बाळगावा असं मला वाटत नाही. वीस वर्षं एकाच टेबलावर, वरची श्रेणी नाही, पदोन्नती नाही, रात्रीच्या शस्त्रक्रियेचा भत्ता नाही. अशी माणसं देश सोडत नाहीत, पण शस्त्रक्रिया सोडून कुठल्यातरी प्रकल्पाच्या कार्यालयात संयोजक होतात. देखरेखीचा प्रश्नही आहेच. भूल देणारा कोण? तोही बहुधा अल्प प्रशिक्षणाचा. संवर्ग उभा करताना देखरेखीची फेरी, वर्षाला एखादा उजळणी अभ्यासक्रम आणि पदवीकडे जाणारी वाट हे तिन्ही सुरुवातीलाच लिहिलं पाहिजे. मालावीत क्लिनिकल ऑफिसरांसाठी पुढे पदवी अभ्यासक्रम काढावे लागले ते याच दबावातून.

शेवगा

वाट हवी, शंभर टक्के मान्य. माझं म्हणणं क्रमाचं आहे: आधी टेबलापाशी माणूस, मग शिडी.

गवतीचहा

आणि माझं म्हणणं असं की शिडी नंतर लावू म्हटलं की ती कधीच लागत नाही. असो, इथे आपलं एकमत होणार नाही.

सोल्डरगन

सगळे डॉक्टर-नर्सवर बोलताहेत. यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांकडे कुणाचंच लक्ष जात नाही, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

गरीब देशांतल्या रुग्णालयांत साधारण ४० टक्के वैद्यकीय उपकरणं बंद अवस्थेत असतात, असं २०११ च्या एका मोठ्या पाहणीत आढळलं. लोक म्हणतात सुटे भाग मिळत नाहीत. पण त्याच गटाने दुरुस्तीच्या विनंत्यांचा अभ्यास करून काढलेला निष्कर्ष वेगळा आहे: बंद पडलेल्या यंत्रांपैकी ६६ टक्के यंत्रं १०७ मूलभूत कौशल्यांच्या जोरावर, एकही आयात भाग न वापरता चालू करता येतात. वीजपुरवठा, फ्यूज, प्लग, नळजोडणी, मोटर, साफसफाई, आणि वापरणाऱ्याला नीट समजावणं. बायोमेडिकल अभियंत्याची चार वर्षांची पदवी यासाठी लागत नाही. रवांडात २००९ पासून इंजिनिअरिंग वर्ल्ड हेल्थ या संस्थेने तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम चालवला तो याच धर्तीवर.

एकच यंत्र घेऊ, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. मिनिटाला ५ लिटर देणारा नेहमीचा. आतला कॉम्प्रेसर खोलीतली हवा ओढतो, ती झिओलाइटच्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने जाते, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि पुढे साधारण ९३ टक्के ऑक्सिजन निघतो. बिघडतं काय?

पहिलं, मागच्या बाजूची फोमची जाळी. ती आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवायची असते. धूळ असलेल्या भागात त्याहून लवकर. कुणी धूत नाही, हवा कमी मिळते, यंत्र तापतं, कॉम्प्रेसर बसतो. ओलीच बसवली तर ओलावा आत जातो आणि झिओलाइट दमटपणाने निकामी होतं. दवाखान्यात ते वाळवून पुन्हा वापरता येत नाही, बहुधा नळकांडीच बदलावी लागतात. म्हणजे वाळवायची घाई केली तर यंत्रातला सगळ्यात महागड्या भागांपैकी एक जातो.

दुसरं, वीज. देणगीत आलेलं यंत्र ११० व्होल्टचं आणि भिंतीत २३० व्होल्ट. कुणीतरी नुसता प्लग बदलून जोडतं आणि यंत्र तिथेच संपतं. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झसाठी बांधलेली मोटर ५० हर्ट्झवर सावकाश फिरते, दाब कमी पडतो, ऑक्सिजनची शुद्धता घसरते. व्होल्टेज वर-खाली होत असेल तिथे स्टॅबिलायझर नसणं म्हणजे यंत्राचं आयुष्य महिन्यांत मोजणं.

तिसरं सगळ्यात धोक्याचं. यंत्र चालू आहे, आवाज येतोय, प्रवाह दाखवणारा तरंगता मणी ५ लिटरवर आहे, पण बाहेर पडणाऱ्या हवेत ऑक्सिजन जेमतेम ५० टक्के आहे. बहुतेक यंत्रं ८२ टक्क्यांच्या आसपास खाली गेल्यावर इशारा देतात, पण तो सेन्सर असलेल्या मॉडेलांतच आणि सेन्सर चालू असेल तरच. खात्री करायला हातात धरायचा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लागतो. प्रशिक्षणात तो सगळ्यांना दाखवतात. परत गेल्यावर तंत्रज्ञाच्या पेटीत तो नसतो.

म्हणून मी प्रशिक्षणाचं अंदाजपत्रक बघताना एकच ओळ शोधतो: शिकून जाणाऱ्यासोबत अवजारांची पेटी आहे का. मल्टिमीटर, सोल्डरिंग, स्क्रूड्रायव्हरचा संच, अ‍ॅनालायझर, फ्यूज, फोमच्या जादा जाळ्या, आणि वर्षाला उपभोग्य वस्तूंसाठी थोडी रोख. ती ओळ नसेल तर अर्धा अभ्यासक्रम वर्गातच राहतो.

मोहोर

सोल्डरगन, अप्रतिम प्रतिसाद. आमच्या घरातल्या वॉशिंग मशीनची जाळी आत्ता जाऊन धुतली!

शिवारफेरी

आता भारत देणारा म्हणून काय करतो, हेही पाहू. आयटेक, म्हणजे इतर देशांच्या अधिकाऱ्यांना भारतात प्रशिक्षण देणारी योजना, १५ सप्टेंबर १९६४ ला सुरू झाली. परराष्ट्र मंत्रालय सगळा खर्च करतं: विमानभाडं, निवास, शिक्षणशुल्क, दैनिक भत्ता. १६० च्या आसपास देशांतले अधिकारी येतात. पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी प्रबंध संस्थेत सहकारावरचे अभ्यासक्रम होतात. मसुरीला बांगलादेशच्या मुलकी अधिकाऱ्यांच्या तुकड्या शेकड्यांनी येऊन गेल्या.

याची जमेची बाजू अशी की खर्च कमी, विषय जवळचे. टांझानियाच्या सहकार खात्यातल्या माणसाला दूध संघाचं संकलन केंद्र आणि फॅटवर ठरणारा दर बघणं जितकं उपयोगाचं, तितकं युरोपातली सहकारी बँक बघणं नाही.

कमतरता निवडीत आहे. अर्ज त्या देशाच्या मंत्रालयामार्फत येतात. मंत्रालय कधी योग्य माणूस पाठवतं, कधी ज्याची पाळी आली त्याला. दोन-तीन आठवडे शिकून एकटा माणूस परत जातो, त्याचा वरिष्ठ तोच, पद्धत तीच. एका वर्षात त्याची बदली झाली की विषय संपला. सुधारणा महागडी नाही. एकाच कार्यालयातून दोघांना बोलवा, एक वरिष्ठ आणि एक प्रत्यक्ष काम करणारा. येतानाच स्वतःच्या कार्यालयातली एक अडचण लिहून आणायला सांगा. शेवटचा आठवडा त्याच अडचणीवर. आणि सहा महिन्यांनी दूरदृश्य बैठकीत त्याचं काय झालं ते विचारा.

हिशेबनीस

शिवारफेरी, उपयोगाबद्दल सहमत, पण दोन-तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला 'कुशल कर्मचारी घडवणं' म्हणता येणार नाही. ती ओळख आहे. घडवणं म्हणजे देवनारची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस. १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी ती उभी केली, आणि आशिया-पॅसिफिकमधले लोकसंख्याशास्त्रज्ञ तिथे दीर्घ अभ्यासक्रमातून तयार झाले.

शिवारफेरी

ओळखीचीही किंमत असते. जनगणना कार्यालयातल्या अधिकाऱ्याला वर्षभर सोडायला बरेच देश तयारच नसतात, कारण त्याच्या जागी बसायला दुसरा कुणी नसतो. छोट्या देशांत तर अख्ख्या विभागात तिघं. एक गेला तर एक तृतीयांश विभाग गेला. दीर्घ अभ्यासक्रमाच्या पाठीराख्यांनी हे गणित मांडावं.

कोकमसार

भत्त्यांवर अजून कुणी लिहिलं नाही. कार्यशाळेचा दैनिक भत्ता हा कित्येक देशांत पगाराचा अघोषित भाग झाला आहे. पगार कमी, भत्ता देणगीदाराच्या दराने. आठवडाभराच्या कार्यशाळेचा भत्ता अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढा होऊ शकतो. मग कार्यशाळा जिल्ह्याच्या गावी घ्यायची सोडून राजधानीतल्या हॉटेलात, कारण मुक्कामी भत्ता जास्त. जो शिकायला हवा तो कनिष्ठ, जातो तो वरिष्ठ. एकाच नर्सला मलेरियावाले, क्षयवाले, लसीकरणवाले आणि एचआयव्हीवाले वेगवेगळे बोलावतात आणि तिचं केंद्र महिन्यातून कित्येक दिवस बंद. प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात ती 'प्रशिक्षित' म्हणून एकदा मोजली जाते.

साखळी पद्धतही तशीच. राजधानीत दहा दिवस शिकलेला प्रांतात पाच दिवस शिकवतो, प्रांतातला जिल्ह्यात दोन दिवस, आणि आरोग्य केंद्रावर पोचेपर्यंत त्याचं एक दुपारचं व्याख्यान उरतं. हाताने करायची कामं, म्हणजे बाळाच्या तोंडावर मास्क नीट बसवून श्वास देणं वगैरे, व्याख्यानाने शिकता येत नाहीत.

उपाय: शिकवणाऱ्याने केंद्रावर जायचं. अर्धा दिवस नेहमीचं काम बघायचं, अर्धा दिवस सराव, सरावाची बाहुली तिथेच ठेवून यायची, महिन्याने परत जायचं. मुक्काम नाही म्हणून भत्ता नाही, केंद्र बंद नाही. गाडीचा खर्च वाढतो, हॉटेलचा जातो.

पाऊलवाट

भत्ते एकदम बंद करून चालणार नाही हेही सांगायला हवं. सगळ्या देणगीदारांनी मिळून सरकारी दर एकसारखा पाळला तरच जमतं. एकट्याने दर कमी केला तर त्याच्या कार्यशाळेला कुणी येत नाही.

कुर्डू

आणि जो पैसा देणाऱ्या देशातच राहतो त्याचं काय? जर्मनी, फ्रान्स तर स्वतःच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवरचा खर्च मदतीत मोजतात.

तांबट

बरोबर. म्हणूनच रवांडाची एक अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१२ मध्ये त्यांनी ह्यूमन रिसोर्सेस फॉर हेल्थ कार्यक्रम सुरू केला. अमेरिकी विद्यापीठांचे प्राध्यापक रवांडात येऊन राहायचे आणि प्रत्येकाची जोडी एका रवांडी शिक्षकाशी. पैसा अमेरिकेचा, पण तो रवांडाच्या आरोग्य मंत्रालयाच्या हातून जाणार, आणि विद्यापीठांनी प्रशासकीय खर्च ७ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. एरवी हा खर्च त्याच्या कित्येक पट आकारला जातो.

जोडीची पद्धत मात्र कागदावर जितकी छान दिसते तितकी सोपी नाही. रवांडी शिक्षकावर रुग्णांचा भार, वर्गाचा भार, आणि पाहुणा दर वर्षी बदलणारा. नव्याला सगळं पुन्हा समजावण्यात वर्षाचे पहिले महिने जातात. आणि अमेरिकी निधी ठरल्यापेक्षा लवकर, २०१७ मध्ये थांबला. असा आराखडा मधेच तुटला की मधल्या वर्गातल्या निवासी डॉक्टरांना शिकवणार कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

मोहोर

शिकून परदेशी जाणाऱ्यांवर बॉण्ड लावता येत नाही का, म्हणजे इथे सेवा करा नाहीतर ठरलेली रक्कम भरा असा करार?

गवतीचहा

लावतात, पण वसूल होत नाही. रक्कम चलनाच्या घसरणीत फुटकळ होते, आणि परदेशातला पहिल्या काही महिन्यांचा पगार ती फेडून टाकतो. मूळ प्रमाणपत्र अडवून ठेवणं हा दुसरा मार्ग, पण पद न देता प्रमाणपत्र अडवणं हा अन्याय आहे. आधी नेमणूक द्या, मग बॉण्डची भाषा करा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता आणि २०२३ ची ५५ देशांची यादी आहे, त्या देशांतून सक्रिय भरती करू नये म्हणून. मालावी त्या यादीत आहे. पण आचारसंहिता ऐच्छिक आहे, आणि स्वतःहून अर्ज करणाऱ्या नर्सला अडवण्याचा तिचा हेतूही नाही, नसावाही.

शेवगा

इथिओपियाचा मार्गही नोंदवते. २००३ पासून आरोग्य विस्तार कार्यक्रम. दहावी झालेल्या, त्याच गावातल्या मुली, एक वर्षाचं प्रशिक्षण, प्रत्येक कबेलेत, म्हणजे सगळ्यात लहान प्रशासकीय विभागात, दोघी. ३०,००० हून जास्त झाल्या. बाहेरचा पैसा प्रशिक्षण, लस, औषधं, साहित्य यांत मोठ्या प्रमाणात होता, पण त्या मुली पहिल्यापासून सरकारी पगारपत्रकावर होत्या. माचीकरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका निर्णयात आहे असं मला वाटतं.

हिशेबनीस

शेवगाताईंच्या मुद्द्याला जोडून एक आपल्याच घरचं उदाहरण. आयआयटी मुंबई १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा युनेस्कोमार्फत मुख्यतः सोव्हिएत संघाकडून यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले. भारतीय प्राध्यापकांना तिकडे शिकण्यासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. इमारती आणि दर वर्षीचा चालू खर्च मात्र भारत सरकारने पहिल्यापासून स्वतःकडे ठेवला. तज्ज्ञ परत गेले, संस्था चालू राहिली, कारण प्राध्यापकांचा पगार कधी बाहेरून येतच नव्हता.

माचीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पण हिशेबनीस, १९५८ चा भारत आणि आजचा मालावी यांची तिजोरी एक नाही. भारताला ते परवडलं. ज्याला नाही परवडत त्याने काय करायचं? मूळ प्रश्न तिथेच अडतो.

हिशेबनीस

माचीकर, मग देणगीदाराचा दरवर्षी उतरत जाणारा वाटा हाच मार्ग, पण तो नीट बांधायचा. माझ्या मते रकमेची विभागणी अशी असावी.

पहिल्या वर्षी एकही नवी इमारत नाही. आधी पगारपत्रक आणि मंजूर पदं यांचा ताळमेळ: कोण हजर, कोण निवृत्त, कोण परदेशी गेला तरी पगार घेतोय, किती पदं रिकामी. हे काम चार-सहा महिन्यांचं आहे आणि त्यातून बऱ्याचदा काही पगार वाचतातच. मग बेकार बसलेल्या नर्स आधी घ्यायच्या, केनियासारख्या. त्यांना शिकवायला पैसा लागत नाही, त्या शिकलेल्याच आहेत. त्यांचा पगार पहिल्या वर्षी सगळा देणगीदाराचा, मग ८० टक्के, ६०, ४०, २०. पण पद पहिल्याच दिवशी सरकारी आस्थापनेवर निर्माण करायचं, सरकारी श्रेणीत, सरकारी सेवाक्रमांकासह. हे झालं नाही तर पहिला हप्ता सोडायचा नाही.

शिक्षक आणि वॉर्डातल्या मार्गदर्शक नर्स यांच्यावर दुसरा मोठा खर्च. जागा वाढवायच्या त्या तांबटांनी सांगितलेल्या बाळंतपणांच्या गणितात बसतील तितक्याच, आणि सरकार सहाव्या वर्षी किती जणींना पगार देऊ शकेल तितक्याच. परदेशी शिष्यवृत्ती फक्त ज्या विषयाचा शिक्षक देशात नाही त्यासाठी, आणि तीही शक्यतो शेजारच्या देशात.

तांबट

यात एक दुरुस्ती. उतरत्या वाट्यात चलनाचा धोका कुणी घ्यायचा ते करारात लिहा. मालावीचं चलन क्वाचा २०१२ मध्ये एका झटक्यात ३३ टक्क्यांनी अवमूल्यित झालं. अशा वेळी पगार स्थानिक चलनात तोच राहतो आणि आयात औषधांचा खर्च वाढून सरकारचा वाटा तिथे वळतो. वाटा टक्क्यांत न मांडता पदांच्या संख्येत मांडा: या वर्षी ४०० पदं सरकारची, पुढच्या वर्षी ८००. पद सरकारकडे गेलं की ते परत देणगीदाराकडे येत नाही, आणि कोण कुठे आहे हे नावानिशी तपासता येतं.

सोल्डरगन

त्या पदांत रुग्णालयामागे एक तंत्रज्ञ धरा. पेटीसकट.

पाऊलवाट

तांबट, पदांच्या संख्येत मांडायचं तर नेमणुका कोणत्या जिल्ह्यात हेही लिहावं लागेल. नाहीतर सरकार पहिली ४०० पदं राजधानीतली घेईल आणि दुर्गम केंद्रांवरची पाचव्या वर्षापर्यंत देणगीदाराकडेच राहतील.

तांबट

हो. म्हणून यादी उलटी लावायची, सगळ्यात लांबचं केंद्र पहिल्या वर्षी सरकारकडे. तिथे पगार वेळेवर पोचवायची व्यवस्थाही त्याच वर्षी करायची. लांबच्या केंद्रावरची नर्स पगार घ्यायला जिल्ह्याच्या गावी जाते त्यात दर महिन्याला दोन-तीन दिवस मोडतात. मोबाइलवर पगार जमा होत असेल आणि जवळ पैसे काढून देणारा दुकानदार असेल तर ते दिवस वाचतात. या एका सोयीचा खर्च वसतिगृहाच्या एका खोलीइतकाही नसेल.